मेंदूची आवरणे आणि आपला उशीर

मराठीत 'मेंदूज्वर' हा शब्द आपण दोन निरनिराळ्या आजारांना सरसकट लावतो. एक आजार मेंदूवरच्या आवरणांचा, त्याला डॉक्टर मेनिन्जायटिस म्हणतात. दुसरा खुद्द मेंदूचा, त्याला एन्सेफलायटिस म्हणतात. वर्तमानपत्रात दोहोंसाठी मथळा एकच आणि घरात बोलतानाही शब्द एकच. हा नुसता शब्दांचा घोळ असता तर एखाद्या निवृत्त मास्तराने लाल शाईने खूण करून सोडून दिला असता. पण या घोळापायी माणसे जातात. म्हणून मंडळी, आज थोडा इतिहास सांगतो. विषय वैद्यकाचा असला तरी घाबरू नका, मीही बी.ए. वालाच आहे.

आधी ही आवरणे म्हणजे काय ते पाहू. कवटीच्या आत मेंदूवर तीन पडदे असतात. सर्वांत बाहेरचा जाड आणि चिवट, कवटीला आतून चिकटलेला. मधला कोळ्याच्या जाळ्यासारखा. सर्वांत आतला इतका नाजूक की मेंदूच्या प्रत्येक घडीत शिरून तो त्याला बिलगून बसतो. बाहेरच्याला 'ड्यूरा मॅटर' आणि आतल्याला 'पाया मॅटर' म्हणतात. या लॅटिन शब्दांचा अर्थ 'कठोर आई' आणि 'कोमल आई'. दहाव्या शतकात अली इब्न अब्बास अल-मजूसी या वैद्याने अरबीत मोठा वैद्यकग्रंथ लिहिला. एका वस्तूचे दुसरीशी असलेले नाते सांगायला अरबीत आई-बाप-मुलगा असे शब्द वापरायची रीत आहे, म्हणून या पडद्यांना त्या भाषेत आई म्हणत. बाराव्या शतकात अँटिओकच्या स्टीफनने त्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर केले आणि आई तशीच्या तशी युरोपात गेली. मधल्या जाळीला वेगळे नाव मिळायला मात्र सतरावे शतक उजाडावे लागले.

मधल्या आणि आतल्या पडद्यांच्या मध्ये पाणी असते. नितळ, विहिरीच्या पाण्यासारखे. मोठ्या माणसात ते साधारण १५० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक कप भरेल एवढे. शरीर दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवे पाणी तयार करते, म्हणजे दिवसातून तीनेक वेळा सगळे बदलले जाते. १४०० ग्रॅमचा मेंदू या पाण्यात तरंगतो आणि त्यामुळे त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमइतका जाणवतो. इटलीतल्या नेपल्सच्या कोतुन्यो या वैद्याने १७६४ साली या पाण्याचे नीट वर्णन केले. त्याआधी शवविच्छेदनात डोके आधी कापून वेगळे करण्याची पद्धत होती, त्यामुळे पाणी वाहून जाई आणि कोणाच्या लक्षातच येत नसे.

आमच्या चिंचोळी एमआयडीसीत ज्यांनी कारखान्यात पॅकिंगचे काम केले आहे त्यांना हे चटकन पटेल. माल कितीही चांगला असो, खोक्यातली भर ओली झाली किंवा दबली की मालाची वाट लागते. बाहेरून बघणारा म्हणतो, माल खराब निघाला. खराब झालेले असते पॅकिंग. मेंदूच्या बाबतीत वैद्यकाची दोन हजार वर्षे अशीच काहीशी गेली. आवरण म्हणजे नुसते गुंडाळलेले फडके, असे धरून चालले आणि दोष मेंदूला, ग्रहांना नाहीतर भुताखेतांना दिला.

आता आवरणांच्या आजाराकडे येऊ. १७६८ साली एडिंबरोच्या रॉबर्ट व्हिट या डॉक्टरचे एक पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्यात लहान मुलांच्या एका दुखण्याचे वर्णन आहे. मूल आधी मलूल होते, खाणेपिणे टाकते. मग डोके दुखते, उलट्या होतात. पुढे झापड येते आणि शेवटी शुद्ध जाते. ही लक्षणे असलेला एकही रुग्ण आपल्या हातून बरा झाला नाही, हे त्याने मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. आज आपण त्या आजाराला क्षयाचा मेनिन्जायटिस म्हणतो. व्हिटला क्षयाशी असलेला संबंध कळणे शक्यच नव्हते. कॉखला क्षयाचे जंतू सापडले ते १८८२ साली.

दुसरा प्रकार झपाट्याने येणारा. १८०५ साली जिनिव्हा शहरात त्याची साथ आली आणि व्हिसो या डॉक्टरने तिचे वर्णन केले. कालपर्यंत खेळणारे मूल आज तापाने फणफणते, मान ताठ होते आणि एक-दोन दिवसांत जाते. त्या साथीच्या रोगाचा जंतू १८८७ साली व्हिएन्नात वाइक्सेलबाउमने ओळखला. मांडी पोटाकडे घेऊन गुडघा सरळ करताना रुग्ण कळवळतो, ही खूण केर्निगने १८८०च्या दशकात सेंट पीटर्सबर्गमध्ये सांगितली. आजही रुग्णाला खाटेवर निजवून डॉक्टर पाय उचलून बघतात, ती हीच तपासणी.

एवढे सगळे कळले तरी मोठी अडचण राहिली. जिवंत माणसाच्या कवटीच्या आत बघायचे कसे? याचे उत्तर १८९१ साली जर्मनीतल्या कील गावी हाइनरिख क्विंके याने दिले. मेंदूभोवतीचे पाणी पाठीच्या कण्यातून खालपर्यंत उतरलेले असते, मग ते खालीच गाठावे. कमरेच्या वर दोन मणक्यांच्या मधून त्याने बारीक सुई घातली, पाणी काढले आणि त्याचा दाब, त्यातली साखर, प्रथिने मोजली. दोनच वर्षांत लिख्टहाइमला त्या पाण्यात क्षयाचे जंतू दिसले. तिथून आवरणांचा आजार आणि मेंदूचा आजार वेगळे ओळखण्याची सोय झाली. गढूळ, पुवासारखे पाणी असेल तर साधे जंतू. पाणी बरेचसे स्वच्छ, साखर मात्र कमी, आणि काही वेळ ठेवल्यावर त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखा पापुद्रा धरला तर क्षय. स्वच्छ पाणी आणि साखर ठीक असेल तर बहुधा विषाणू.

आणि नेमकी याच सुईची आपल्याकडे सर्वांत जास्त भीती! 'पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा पडतो,' हे वाक्य मी मोहोळ तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरही ऐकले आहे आणि सोलापूर शहरात शिकलेल्यांच्या तोंडूनही. ते खरे नाही. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. तिथे फक्त मज्जातंतूंचे सुटे धागे पाण्यात लोंबत असतात आणि सुईला बाजूला सरकतात. डोक्यात दाब फार वाढल्याची शंका असेल तर डॉक्टर आधी स्कॅन करून घेतात. मग भीती आली कुठून? मला वाटते, पाणी काढायला लागणारे रुग्ण मुळातच फार आजारी असत. त्यातले काही गेले, काही लुळे झाले, आणि दोष सुईच्या माथी बसला. आजाराने केले ते उपचाराच्या नावावर जमा झाले. सही करायला घरच्यांनी दोन दिवस लावले की ते दोन दिवस आजाराला मिळतात.

आता मुंबईकडे. १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि क्षयाच्या मेनिन्जायटिसमधून प्रथमच मुले वाचू लागली. १९४८ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने या उपचाराचा अहवाल दिला आणि रुग्णांच्या तीन पायऱ्या केल्या. पहिली, शुद्ध पूर्ण आहे. दुसरी, झापड आहे किंवा डोळा-हात-पाय यांत दोष दिसतो. तिसरी, बेशुद्ध. या पायऱ्या आजही वापरात आहेत. कोणते मूल वाचेल आणि कसे वाचेल, हे त्याचे औषध कोणत्या पायरीवर सुरू झाले यावर फार अवलंबून असते. १९५२ साली आयसोनायझिड आले आणि इलाज आणखी सोपा झाला. पण इलाज असूनही मुले का मरतात, वाचली तर अधू का होतात, हा प्रश्न राहिलाच.

त्या प्रश्नाच्या मागे जी माणसे लागली त्यांत मुंबईच्या जे.जे. रुग्णालयातले डॉक्टर अग्रभागी होते. बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. उदाणी वॉर्डात मुले तपासत होते आणि डॉ. दाराब दस्तूर गेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासत होते. १९७० साली दस्तूर, ललिता, उदाणी आणि पारेख यांनी या आजाराने गेलेल्या १०० रुग्णांच्या मेंदूंचा आणि आवरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्षयात मेंदूच्या तळाशी, आवरणांच्या मध्ये घट्ट चिकट स्राव साचतो. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या वाहिन्या त्यातूनच जातात. त्या सुजतात, अरुंद होतात, बंद पडतात आणि मेंदूचा तेवढा भाग रक्तावाचून मरतो. त्याच स्रावाने पाण्याच्या वाटाही बुजतात आणि पाणी आत तुंबून मेंदू दाबला जातो. म्हणजे रुग्णाची एक बाजू लुळी पडते, दृष्टी जाते, फिट येतात, ते सारे मेंदूचे आजार दिसले तरी सुरुवात आवरणात झालेली असते. जंतू मारणारे औषध चालू असतानाही हा चिकटा आपले काम करीत राहतो. म्हणूनच पुढे सूज कमी करणाऱ्या औषधांची जोड देण्यात आली. २००४ साली व्हिएतनाममधल्या ५४५ रुग्णांच्या चाचणीत त्या जोडीने मृत्यू कमी होतात हे दिसून आले.

त्याच मुंबईच्या मंडळींनी १९६६ साली आणखी एक गोष्ट नोंदवली होती. काही क्षयग्रस्त मुलांत आवरणांचा दाह फारसा नसतो, तरी मेंदू सुजतो. आवरण आणि मेंदू यांतला फरक किती बारकाईने पाहावा लागतो हे यावरून कळावे.

या ठिकाणी मास्तर म्हणून एक सांगणे आहे. क्षयाच्या मेनिन्जायटिसची पहिली पायरी डॉक्टरच्या आधी शाळेत दिसते. बारीक ताप, संध्याकाळी वाढणारा. हुशार मूल मागे पडते, चिडचिडे होते, मधल्या सुट्टीत मैदानात न जाता बाकावर डोके टेकून बसते. असे दोन-तीन आठवडे चालते. माझ्या वर्गात सहावीला असा एक मुलगा होता. घरचे म्हणत अभ्यासाचा कंटाळा, शेजारचे म्हणत बाहेरचे काहीतरी आहे. देवऋष्याकडे दोन वाऱ्या झाल्या. उलट्या सुरू झाल्यावर त्याच्या मामाने कोणाचे न ऐकता त्याला सोलापूरला नेले आणि पाठीतले पाणी काढायला स्वतः सही दिली. मुलगा वर्षभर औषधे घेऊन बरा झाला. एका डोळ्याची नजर तेवढी तिरकी राहिली. आजोबा अखेरपर्यंत म्हणत, पाणी काढले म्हणून डोळा गेला. मामा मात्र म्हणे, पाणी काढले म्हणून पोरगा राहिला. डोळा फिरवणारी नस ज्या ठिकाणाहून जाते तिथेच तो चिकटा साचतो, हे आता कळल्यावर मी मामाच्या बाजूचा आहे.

आपल्या दंडावर बी.सी.जी.चा जो व्रण आहे त्याचीही एक गंमत आहे. १९६८ पासून तामिळनाडूतल्या चिंगलपुट भागात या लसीची फार मोठी चाचणी झाली. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयाला ही लस अडवत नाही, असा निराशाजनक निष्कर्ष तिथून निघाला. मग ती बंद का केली नाही? कारण लहान मुलांच्या मेंदूच्या आवरणांपर्यंत क्षय पोहोचू न देण्याचे काम ती चांगले करते. आपण तिला टी.बी.ची लस म्हणतो, पण खरे तर ती बाळाच्या डोक्यावरची राखण आहे. झपाट्याने येणाऱ्या मेनिन्जायटिसच्या काही जंतूंविरुद्धच्या लसीही आता सरकारी लसीकरणात आहेत. पंचगुणी लस २०११ पासून टप्प्याटप्प्याने आली, न्यूमोकॉकलची लस २०१७ पासून, आणि २०२१ पासून ती देशभर मिळू लागली. कारखान्यात कामाला आलेली परप्रांतातली कुटुंबे जागा बदलत राहतात आणि त्यांच्या मुलांचे डोस चुकतात. शेजारी असे बिऱ्हाड असेल तर बाळाचे कार्ड एकदा बघायला मागा.

आणि दुसरा मेंदूज्वर, खुद्द मेंदूचा? त्याचा एक विषाणू तर महाराष्ट्राच्याच गावाच्या नावाने जगभर ओळखला जातो. १९६५ साली नागपूरकडच्या चांदीपुरा इथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या संशोधकांना तो सापडला. जवळजवळ चाळीस वर्षे त्याला कोणी फारसे विचारले नाही. २००३ साली आंध्रात साथ आली, ३२९ मुले आजारी पडली, त्यातली १८३ गेली. महाराष्ट्रातही तेव्हा रुग्ण होते. वाळूमाशीने पसरणाऱ्या या विषाणूवर आजही नेमके औषध नाही. म्हणूनच फरक ओळखायचा. एका मेंदूज्वराला औषध नाही म्हणून दुसऱ्याच्या रुग्णालाही 'मेंदूज्वर झालाय, आता देवाच्या हातात' म्हणून घरी ठेवणे हा अन्याय आहे. देवाच्या हातात जाण्याआधी मध्ये एक सुई आहे.

मेंदूज्वरासारखाच दुसरा एक शब्द आपण वाटेल तसा वापरतो, तो म्हणजे 'म्हातारचळ'. हा विषय माझ्या वयाच्या लोकांचा, म्हणून जरा जवळचा.

वय वाढले की मेंदू थोडा आक्रसतो. बाहेरचे जाड आवरण कवटीला चिकटलेले राहते आणि दोघांतल्या बारीक शिरा ताणल्या जातात. मोरीत पाय घसरून डोके जरासे आपटले तरी एखादी शीर तुटते आणि आवरणाखाली थेंब थेंब रक्त साचू लागते. त्या दिवशी काहीच होत नाही. तीन-चार आठवड्यांनी आजोबा भलतेच बोलू लागतात, पाय ओढतात, दिवसभर झोपतात, कपड्यांत लघवी होते. घसरल्याचे सगळे विसरलेले असतात. घरचे म्हणतात, वय झाले.

गंमत म्हणजे मोठमोठे शास्त्रज्ञही इथे चकले. १८५७ साली जर्मनीच्या फिरखोने, म्हणजे ज्याच्या शब्दाला तेव्हा अखेरचे मानत त्या माणसाने, हा आवरणाचा दाह आहे असे सांगून टाकले. तेच पन्नासेक वर्षे चालले. १९१४ साली लंडनच्या विल्फ्रेड ट्रॉटर या शल्यविशारदाने दाखवले की दाह वगैरे काही नाही, हा विसरलेल्या माराचा परिणाम आहे. दाह मानला तोवर इलाज नव्हता, मार मानल्यावर इलाज निघाला. कवटीला एक-दोन लहान भोके पाडून जुने रक्त काढून टाकायचे. अनेक रुग्ण काही दिवसांत पुन्हा नातवंडांची नावे सांगू लागतात. काहींना पुन्हा रक्त साचते. त्यासाठी आवरणाला रक्त पुरवणारी धमनीच आतून बंद करण्याची पद्धत आली असून २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या काही चाचण्यांत तिचा उपयोग दिसला आहे.

तीच धमनी तरुणांचाही जीव घेते. ती कानशिलाच्या हाडाच्या आतल्या खोबणीतून जाते आणि तिथले हाड पातळ असते. पुणे-हैदराबाद महामार्गावर पाळी सुटल्यावर मोटारसायकली कशा धावतात ते आपण रोज पाहतो. पोरगा पडतो, क्षणभर बेशुद्ध होतो, उठतो, 'मला काही झालं नाही' म्हणतो, चहासुद्धा पितो. आणि काही तासांत कोसळतो. धमनीतले रक्त आवरणाच्या बाहेर साचून मेंदू दाबते. मधल्या त्या शहाण्या तासांवर विश्वास ठेवायचा नसतो. डोक्याला मार लागून शुद्ध गेली होती, एवढे कारण स्कॅनसाठी पुरेसे आहे. हेल्मेट हे चौथे आवरण आहे, असे मी आमच्या गल्लीतल्या मुलांना सांगतो. ती हसतात, पण एक-दोघे घालतात.

शेवटी अजून एक तारीख. १७८७ साली इटलीच्या पावलो मास्कान्यीने मेंदूच्या आवरणात लसिकावाहिन्या, म्हणजे शरीराचा कचरा वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, दिसल्याचे नोंदवले. कोणी विश्वास ठेवला नाही. मेंदूला त्या नसतात, असेच पाठ्यपुस्तकांत राहिले. २०१५ साली अमेरिका आणि फिनलंडमधल्या दोन गटांनी उंदरांच्या आवरणात त्या स्पष्ट दाखवल्या आणि पुढे माणसातही दिसल्या. म्हणजे २२८ वर्षे लागली! स्मृतिभ्रंशासारख्या आजारांशी त्यांचा काय संबंध आहे याचा शोध आता चालू आहे. उंदरांवरच्या प्रयोगांवरून लगेच औषधाची आशा धरू नये, पण फडके समजलेली वस्तू रोज मेंदूची मोरी साफ ठेवते, एवढे तरी कळले.

शास्त्रज्ञांना २२८ वर्षांचा उशीर परवडला. आपल्याला दोन दिवसांचाही परवडत नाही. ताप, डोकेदुखी, उलट्या आणि ताठ मान एकत्र आली तर रात्र काढू नका. मुलाचा बारीक ताप आणि मलूलपणा दोन आठवड्यांवर गेला तर क्षयाची शंका डॉक्टरांना आपण होऊन विचारा, सरकारी कार्यक्रमात क्षयाची तपासणी आणि औषधे फुकट आहेत. पाठीतले पाणी काढायचे म्हटले तर सही करा. आणि घरातले वडीलधारे माणूस महिन्याभरात अचानक बदलले, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर 'मागे कधी पडला होतात का?' एवढे जरूर विचारा. सोलापूर इथून पंधरा-वीस किलोमीटर आहे. तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. अंतर आता रस्त्याचे राहिलेले नाही, ते आपल्या शब्दांचे आहे.

असो. लांबले थोडे. आपापल्या घरचे अनुभव जरूर कळवा.